कार्डाचं नवं-जुनं

क्रेडिट कार्डाच्या मासिक बिलावर दोन रकमा ठळक छापलेल्या असतात. एक एकूण देय रक्कम आणि दुसरी किमान देय रक्कम. मोबाइलवर पैसे भरायला गेलं की दोन्हींपुढे एकेक गोल दिसतो, आणि बोट कुठल्या गोलावर पडतं यावर माणसाची पुढची काही वर्षं ठरू शकतात. वर्षभर ज्याचं बोट दुसऱ्याच गोलावर पडत राहिलं, अशा एका तरुणाच्या बिलावरून त्याचे वडील आणि त्याची आतेबहीण यांच्यात जुंपली. वडील जिल्हा मध्यवर्ती बँकेतून निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले, शिवाय कर्मचाऱ्यांच्या पतसंस्थेचे एके काळचे चिटणीस. आतेबहीण पुण्यात एका खासगी बँकेच्या कार्ड विभागात नोकरीला. ज्याचं बिल तो मात्र या बोलण्यात नव्हता. अशा वेळी मुलं कामात असतात.

बिलाची रक्कम १,२०,००० रुपये. व्याज महिन्याला साडेतीन टक्के.

मामा : वर्षाला बेचाळीस टक्के झाले. बरोबर ना?

भाची : त्यावर अठरा टक्के जीएसटी आहे, मामा. घरकर्जाच्या, वैयक्तिक कर्जाच्या व्याजाला जीएसटी लागत नाही, कार्डाच्या व्याजाला लागतो. म्हणजे महिन्याला चार पूर्णांक तेरा. वर्षाचे साडेएकोणपन्नास धरा.

मामा : आणि हा भरतो किती?

भाची : किमान रक्कम. साधारण पाच टक्के, म्हणजे सहा हजार. त्यातलं व्याज ४,२००, त्यावरचा कर ७५६. मुद्दलात जमा झाले १,०४४.

मामा : सहा हजारांतले हजार!

भाची : पुढच्या महिन्यात किमान रक्कमही थोडी कमी होते, मग तोही थोडं कमी भरतो. या चालीने कर्ज निम्मं व्हायलाच साडेसहा वर्षं लागतील, तेही कार्ड नव्याने एकदाही वापरलं नाही तर. आणि तो वापरतो. त्याला वाटतं, नव्या खरेदीला पन्नास दिवस बिनव्याजी मिळतात. मागची बाकी असली की ती मुदत उरतच नाही, खरेदीच्या तारखेपासून व्याज सुरू. बिलाच्या मागच्या पानावर बारीक अक्षरांत असतं.

मामा : तुझं म्हणणं काय मग?

भाची : बाकी दुसऱ्या बँकेच्या कार्डावर न्यायची. बॅलन्स ट्रान्सफर. तिथे महिना दीड टक्क्याने बारा हप्ते पडतील. दोन टक्के प्रक्रिया शुल्क.

मामा : म्हणजे एका बँकेचं कर्ज काढून दुसरीचं फेडायचं. याची टोपी त्याला.

भाची : टोपी कुणाच्याही डोक्यावर ठेवा, पण तिचं भाडं किती ते बघायला नको का?

भाडं बघूच. एक लाख वीस हजारांचा बारा महिन्यांचा हप्ता दीड टक्क्याने येतो सुमारे अकरा हजार. वर्षभरातलं व्याज बारा हजारांच्या आसपास, त्यावर कर एकवीसशे-बावीसशे, प्रक्रिया शुल्क करासकट २,८३२. सगळं मिळून सतरा हजार. जुन्या कार्डावर व्याज आणि कर मिळून सतरा हजार व्हायला चार महिनेही लागत नाहीत. इथवर भाचीचं म्हणणं खोडायला जागा नाही, आणि मामांनी ते खोडलंही नाही. त्यांनी वेगळीकडून सुरुवात केली.

मामा : तुमच्या बँकेला काय पडलंय? दुसऱ्याचं बुडतं गिऱ्हाईक ती स्वस्तात का घेईल?

भाची : खरं सांगू? प्रक्रिया शुल्क पहिल्या दिवशी हातात येतं. आणि माणूस एकदा आमच्या कार्डावर आला की वर्षभरात आमच्या कार्डाने खरेदीही करायला लागेल, आणि त्याच्या जुन्या सवयीने बाकीही ठेवेल, ही आशा असते. ती बाकी दीड टक्क्याने नसते, साडेतीननेच असते.

मामा : म्हणजे हे आमिष आहे.

भाची : आहेच. पण गळ न गिळता ते खाता येतं. अटी वाचून घ्यायच्या. फोनवरचा माणूस म्हणतो, 'सर, फक्त एक टक्का.' तेव्हा विचारायचं, सरळ की घटत्या बाकीवर? सरळ एक टक्का म्हणजे वर्षभर पूर्ण मुद्दलावर व्याज, मुद्दल दर महिन्याला फिटत असलं तरी. घटत्या बाकीच्या हिशोबाने तो साडेएकवीस टक्के वार्षिक पडतो. एक टक्का म्हणून दिलेला हप्ता माझ्या दीड टक्क्याच्या हप्त्यापेक्षा मोठा निघतो.

मामा : हा डाव जुना आहे. मोटारसायकलच्या कर्जाला हेच करायचे. आणि शून्य टक्के म्हणून जाहिरात असते ती?

भाची : साठ दिवस शून्य व्याज, पण दोन टक्के शुल्क आधी. दोन महिन्यांना दोन टक्के, म्हणजे वर्षाला बाराच्या हिशोबाने, वर कर. फुकट नाही, पण जुन्या कार्डावर त्याच दोन महिन्यांत सव्वाआठ टक्के गेले असते. ज्याची दिवाळीच्या बोनसची तारीख ठरलेली आहे, ज्याची ठेव पुढच्या महिन्यात मुदत पूर्ण करते आहे, त्याच्यासाठी ते सोन्यासारखं. दादासाठी नाही. साठाव्या दिवशी त्याच्याकडे एक लाख वीस हजार कुठून येणार? एकसष्टाव्या दिवशी पूर्ण दर लागू.

मामा : न्यू जर्सीच्या मावशीचा मुलगा म्हणत होता, तिकडे दीड-दीड वर्ष शून्याने देतात.

भाची : देतात. पंधरा महिने, अठरा महिने, तीन ते पाच टक्के शुल्क घेऊन. तिथे मूळ दरच वीस-बावीस टक्के आहे. तिकडचे व्हिडिओ बघून लोक आमच्याकडे येतात आणि शून्याचे साठच दिवस ऐकले की नाराज होतात.

आता प्रत्यक्ष प्रकार कसा होतो ते तिनेच सांगितलं. इथेच लोक जास्त ठेचकाळतात, म्हणून जरा सविस्तर देतो. एकाच बँकेच्या दोन कार्डांत ही अदलाबदल होत नाही, बँक वेगळी लागते. नवी बँक तुमच्या हातात पैसे देत नाही. जुन्या कार्डाचा सोळा आकडी क्रमांक हाच खाते क्रमांक धरून ती परस्पर जुन्या बँकेला रक्कम पाठवते. याला काही दिवस लागतात, आणि त्या दिवसांत जुन्या बिलाची शेवटची तारीख आली तर ती तुमची जबाबदारी. 'मी तर अर्ज केलाय' हे जुनी बँक ऐकत नाही. नव्या कार्डाच्या मर्यादेतली तेवढी रक्कम अडकून पडते. पूर्ण मर्यादेइतकी बाकी सहसा नेऊही देत नाहीत, काही हिस्सा मोकळा ठेवतात.

भाची : सगळ्यात जास्त भांडणं शेपटाच्या व्याजावरून होतात. समजा बिल पाच तारखेचं, एक लाख वीस हजारांचं. नव्या बँकेने वीस तारखेला पूर्ण एक लाख वीस हजार भरले. माणूस मोकळा झाला म्हणून पेढे वाटतो. पुढच्या पाच तारखेला जुन्या बँकेचं बिल येतं, अडीच हजारांचं.

मामा : पंधरा दिवसांचं व्याज.

भाची : एकवीसशे व्याज, वर कर. बरोबर आहे ते. पण माणूस बघतच नाही, जुनं ॲप काढून टाकलेलं असतं. मग विलंब शुल्क, मग सिबिलला नोंद. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने तीन दिवस उलटल्याशिवाय थकबाकी म्हणून नोंदवता येत नाही, पण महिनाभर न बघणाऱ्याला तीन दिवसांचा काय उपयोग?

मामांना हे सगळं पटत होतं, आणि पटत असूनही त्यांचा चेहरा तसाच होता. त्यांची हरकत हिशोबाला नव्हतीच.

मामा : मी तुला एक सांगतो. आमच्या पतसंस्थेत कर्जाला दोन जामीनदार लागायचे. दर दहा-अकरा टक्के. हप्ता पगारातूनच कापला जायचा, सहकार कायद्याच्या कलम ४९ खाली. माणसाच्या हातात पैसे पडायच्या आधी हप्ता गेलेला असायचा. आणि थकला तर जामीनदाराच्या पगाराला हात लागायचा, तो शेजारच्या टेबलावर बसलेला असायचा. या भिडेने वसुली व्हायची. तुमच्या कार्डाला कुणाची भीड? अर्ज करताना कुणाला विचारावं लागत नाही, बाकी सरकवताना कुणाला सांगावं लागत नाही. बापालासुद्धा वर्षाने कळतं.

भाची : भीड बरी होती, मान्य. पण त्याच भिडेने जामीनदाराचे दोन-दोन वर्षांचे हप्ते गेलेलेही मी बघितलेत. आमच्याच घरात. बाबांनी कुणासाठी सही केली होती ते तुम्हाला माहिती आहे.

मामा : ते सोड.

भाची : सोडते. पण दादाच्या कंपनीत पतसंस्था नाही. आणि उसनवारी सरकवणं इतकं वाईट, तर जिल्हा बँकेत तुम्ही वर्षानुवर्षं काय केलंत? एकतीस मार्चला नवं-जुनं कोण करत होतं?

हा घाव वर्मी बसला. ज्यांचा गावच्या विकास सोसायटीशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी सांगतो : पीककर्ज वेळेत भरलं तर शेतकऱ्याला व्याजात सवलत मिळते, महाराष्ट्रात तीन लाखांपर्यंत व्याज जवळजवळ पूर्ण माफ होतं. पण मार्चअखेर हातात पैसा असतोच असं नाही. मग दोन-चार दिवसांसाठी कुठून तरी पैसे उभे करायचे, सोसायटीत भरायचे, आणि लगेच नवं कर्ज मंजूर करून घेऊन उचललेले परत करायचे. कागदावर जुनं फिटलं, नवं सुरू झालं. ते दोन-चार दिवसांचे पैसे देणारा गावातलाच कुणी तरी असतो, आणि तो फुकट देत नाही.

मामा : नवं-जुनं वेगळं. तिथे पुढच्या वर्षी पीक येतं.

भाची : आणि नाही आलं की?

मामा : नाही आलं की परत नवं-जुनं. (थोडं थांबून) वर्षानुवर्षं एकाच मुद्दलाचं नवं-जुनं करणारी खाती मी तपासली आहेत. एक रुपया खाली आलेला नसायचा. म्हणून तर सांगतो, सरकवण्याने कर्ज फिटत नाही.

भाची : पण सरकवलं नसतं तर सवलत गेली असती, दर चढला असता, आणि खातं थकीत झालं असतं.

मामा : तेही खरं.

यानंतर बोलणं सावकारीवर गेलं, आणि मामांचा आवाज चढला.

मामा : १८७५ साली सुप्यात काय झालं? पुणे जिल्ह्यातलंच सुपे. शेतकऱ्यांनी सावकारांची खतं-रोखे काढून जाळले. दंगलीनंतर सरकारला जाग आली आणि १८७९ साली शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. आपल्याकडे दामदुप्पट होती, व्याज मुद्दलाच्या वर जाऊ द्यायचं नाही. आजही परवानाधारक सावकाराने बिगरशेतकऱ्याला बिनतारण कर्ज दिलं तर अठरा टक्क्यांच्या वर घेता येत नाही, २०१४ चा राज्याचा कायदा आहे. सावकाराला अठराची वेसण आणि बँकेला बेचाळीस मोकळे?

भाची : बँकिंग नियमन कायद्याचं कलम २१ अ. व्याज फार आहे एवढ्या कारणावरून बँकेचा व्यवहार कोर्टात उघडता येत नाही. २००८ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने म्हटलं होतं की कार्डावर तीस टक्क्यांहून जास्त व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. तो निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला. दर ठरवणं हे रिझर्व्ह बँकेचं आणि बँकांचं काम, आयोगाचं नाही.

मामा : सोळा वर्षं लागली.

भाची : आणि त्या सोळा वर्षांत कुणी तिसावर थांबलं नाही, कारण निकालाला स्थगिती होती. म्हणून मी म्हणते, दर वाईट आहे हे धरूनच चला. कोर्टाने तो खाली आणायची वाट बघण्यापेक्षा त्या दरातून माणूस बाहेर काढा.

इथे मला भाचीचं पटतं. मामांचा राग रास्त आहे, पण त्या रागाच्या एका महिन्याची किंमत चार हजार नऊशे छप्पन्न रुपये आहे, आणि ती मामा भरत नाहीत. पण भाचीचा पुढचा प्रश्न मात्र मला जरा क्रूर वाटला.

भाची : तुमची मुदत ठेव किती टक्क्यांनी आहे?

मामा : सात.

भाची : बापाची ठेव सात टक्क्यांनी आणि मुलाचं कर्ज बेचाळीस टक्क्यांनी. घर एकच. ठेव मोडायची नसेल तर तिच्यावर कर्ज घ्या, आठ-नऊ टक्क्यांना पडेल. बॅलन्स ट्रान्सफरपेक्षा कितीतरी स्वस्त. मामींच्या पाटल्यांवर सोनेतारण घेतलं तरी स्वस्तच.

मामा : आणि मी भरले की कार्ड कोरं. त्याची मर्यादा परत मोकळी. दोन वर्षांनी तू परत इथे बसून मला हाच हिशोब सांगशील, तेव्हा ठेव नसेल.

भाची : हे मला खोडता येत नाही.

मामा : मग ट्रान्सफरने काय वेगळं होणार? जुनं कार्ड तिथेही कोरंच होतं की.

वादाचा गाभा हाच होता, आणि तो मामांनी पेन्सिलीने सोडवला. त्यांनी बिलाच्या पाकिटावर तीन ओळी मांडल्या. पहिली : कार्डावर नवी खरेदी न करता दरमहा ठरवून सहा हजार भरले तर ४३ महिने, व्याज आणि कर मिळून सुमारे १,३९,०००. दुसरी : कार्ड तेच, दर तोच, पण दरमहा अकरा हजार भरले तर १५ महिने, सुमारे ४३,०००. तिसरी : भाचीची योजना, १२ महिने, १७,०००.

मामा : बघ. कर्ज जागचं न हलवता, नुसते पाच हजार जास्त भरून, शहाण्णव हजार वाचतात. तुझ्या ट्रान्सफरने त्यावर सव्वीस हजार. मोठी बचत कशाने झाली?

भाची : जास्त भरण्याने. (पाकीट उचलून) पण मग दादाला एवढंच सांगा ना, की दरमहा अकरा हजार भर. तुमच्या सांगण्याने भरेल तो?

मामा काही बोलले नाहीत.

भाची : मी का म्हणते तेही ऐका. किमान रकमेत त्याला दर महिन्याला सवड दिसते. सहा भर किंवा अकरा भर, बँक दोन्हींना हो म्हणते. हप्ता बांधला की ती सवड गेली. पूर्ण हप्ता किमान रकमेतच धरलेला असतो, दुसरा गोल दाबला तरी अकरा हजार जातात. तुमच्या कलम ४९ च्या जवळ जाणारं दुसरं काही माझ्याकडे नाही. सव्वीस हजार वर मिळतात ते मिळतात.

मामा : हे तू पहिल्यांदा सांगायला हवं होतंस. तू दर सांगत बसलीस.

भाची : गिऱ्हाइकाला दरच सांगायचा असतो.

मग सगळं भराभर ठरलं. हप्ता पगाराच्या दुसऱ्या दिवशी खात्यातून आपोआप वळता व्हावा. नव्या कार्डावर खरेदी करायची नाही, कारण कित्येक बँकांच्या अटींत अशा कार्डावरच्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. जुन्या बँकेचं ॲप आणखी दोन बिलं येईपर्यंत काढायचं नाही. एखादा हप्ता चुकला तर सवलतीचा दर जाऊ शकतो, म्हणून पगार लांबलाच तर मामांनी तो एक हप्ता द्यायचा. एकच, आणि भाषण न करता. ही शेवटची अट भाचीची.

अडलं ते जुन्या कार्डावर.

मामा : बंद करायचं. बाकी शून्य असली तर अर्ज केल्यापासून सात दिवसांत, कामाच्या सात दिवसांत, बँकेला बंद करावंच लागतं. नाही केलं तर दिवसाला पाचशे रुपये दंड. मी वाचलंय.

भाची : नियम बरोबर आहे, पण बंद करू नका. ते त्याचं सगळ्यात जुनं कार्ड आहे. बंद केलं की एकूण मर्यादा कमी होते आणि वापराचं प्रमाण एकदम चढतं, सिबिलचा आकडा खाली येतो. मर्यादा वीस हजारांवर आणू, ॲपमधून ऑनलाइन खरेदी बंद करू.

मामा : ती परत चालू करायला किती वेळ लागतो?

भाची : दोन मिनिटं.

मामा : आणि मर्यादा परत वाढवायला?

भाची : बँकच निरोप पाठवते, वाढवू का म्हणून. हो म्हणायचं.

मामा : आणि बंद केलेलं कार्ड परत घ्यायला?

भाची : नवा अर्ज, कागदपत्रं, पडताळणी.

मामा : यंदा घर घ्यायचंय का त्याला?

भाची : नाही. पण पुढे घेईल.

मामा : मग सिबिल पुढे सुधारेल. हप्ते वेळेवर गेले की सुधारतोच ना?

भाची : सुधारतो. हळूहळू.

मामा : हळूहळू चालेल.

मी मामांच्या बाजूचा. ज्याची अडचण आकड्याची आहे त्याने जुनं कार्ड जरूर ठेवावं, ज्याची अडचण बोटाची आहे त्याने ते ठेवू नये. भाचीला हे अजून पटलेलं नाही. तिच्या मते मामा सिबिलला पंचांगासारखं काही तरी समजतात. अर्ज मात्र गेला आहे. पैसे जुन्या बँकेत पोचायला चार-पाच दिवस लागतील आणि बिलाची तारीख त्याच्या आधी पडते, तेव्हा या महिन्याची किमान रक्कम नेहमीसारखी भरायचीच आहे, असं दोघांनीही त्याला सांगितलं, एकाच संध्याकाळी, वेगवेगळे फोन करून.